पिकावरून किती उंच? खालून उडणाऱ्या यंत्रांचा शंभर वर्षांचा हिशेब

विमानांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लगेच ढग येतात, महासागर येतात, युद्धं येतात. आज आम्ही त्या उंचीवर जाणारच नाही. आज बोलायचंय ते झाडाच्या शेंड्यापासून फार तर दहा-वीस मीटर वरच्या हवेबद्दल. या हवेला आत्ता आत्ता भाव आलाय. चीनच्या सरकारी कामकाज अहवालात २०२४ साली ‘कमी उंचीची अर्थव्यवस्था’ हा शब्द आला आणि तेव्हापासून जो तो त्याबद्दल बोलतोय. आपल्याकडे त्याच काळात गावोगावी ड्रोन पोचले. फवारणी करणारे, गावठाण मोजणारे. ड्रोनमुळे खेड्याची शेती, पाणी, माश्या, पाखरं हे सगळं वाचेल आणि वर पैसाही मिळेल, असं सांगितलं जातंय. मिळेलही. पण आमचं म्हणणं असं की या पट्ट्यातून माणूस शंभर वर्षं उडतोय, तेव्हा त्या शंभर वर्षांत काय झालं ते एकदा बघून घेऊ. कारण ड्रोन नवा असला तरी प्रश्न जुनाच आहे. प्रश्न एवढाच, की वरून जे पडतं ते कुठं पडतं, आणि खाली कोण असतं?

सुरुवात ३ ऑगस्ट १९२१ या दिवशी. ठिकाण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ट्रॉय हे गाव. तिथं कटाल्पा नावाच्या झाडांची एक राई होती, साधारण सहा एकरांची. या झाडांचं लाकूड कुंपणाच्या खांबांना वापरायचे. राईला अळी लागली होती आणि पानं फस्त होत होती. क्लीव्हलँड शहराच्या झाडांची देखभाल करणारे नीली नावाचे गृहस्थ होते, त्यांच्या डोक्यात आलं की विमानातून विषारी भुकटी टाकली तर? जवळच डेटनला लष्कराचं मॅककुक फील्ड होतं. पहिलं महायुद्ध संपलेलं, विमानं आणि वैमानिक दोघंही रिकामे. तिथल्या अभियंत्यानं विमानाच्या कडेला पत्र्याची एक पेटी बसवली, आणि जॉन मॅकरेडी या वैमानिकानं वाऱ्याच्या बाजूनं राईच्या अगदी जवळून फेऱ्या मारल्या. भुकटी होती लेड आर्सेनेट. म्हणजे शिसं आणि सोमल एकत्र! काम एका मिनिटाहून कमी वेळात झालं. दोन दिवसांनी झाडांखाली अळ्यांचा खच पडला होता. (हाच मॅकरेडी पुढं १९२३ मध्ये सहकाऱ्याबरोबर अमेरिका एका दमात ओलांडणारा पहिला वैमानिक झाला. इतिहासात त्याचं नाव त्या उड्डाणासाठी राहिलं, पण शेतीवर परिणाम या एका मिनिटाचा जास्त झाला.)

एक गोष्ट लक्षात घ्या. मॅकरेडीनं भुकटी थेट राईवर टाकलीच नाही. तो राईच्या बाजूनं, वारा जिकडून येत होता तिकडून उडाला, आणि वाऱ्यानंच भुकटी झाडांत नेली. म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं काम वाऱ्याच्या भरवशावर झालं. राईच्या पलीकडं वाऱ्यानं काय नेलं, ते कुणी मोजलं नाही. पलीकडं कुणी बघायलाच गेलं नाही.

त्यानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत कपाशीच्या बोंडावरच्या भुंगेऱ्यासाठी लुइझियानात प्रयोग झाले, मग धंदा उभा राहिला. त्या धंद्यातली एक कंपनी कपाशीवर भुकटी टाकता टाकता पुढं प्रवासी वाहतुकीत शिरली आणि आज जगातली एक मोठी विमान कंपनी आहे, डेल्टा. पिकावरून उडणाऱ्यांनी अशी मोठी घरं उभी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, विमानं आणखी स्वस्त झाली, आणि १९५७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सरकारनं जंगलातल्या पतंगाच्या अळीसाठी डीडीटी घातलेलं तेल विमानानं शिंपडलं. जंगलावर, घरांवर, परसातल्या भाज्यांवर, गायींच्या कुरणांवर, सरसकट. तिथल्या काही लोकांनी, त्यांत एक पक्षीशास्त्रज्ञ होते आणि विषमुक्त भाजी पिकवणाऱ्या दोन बायका होत्या, सरकारवर खटला भरला. ते हरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला. पण त्या खटल्यात जमलेली कागदपत्रं राशेल कार्सन यांच्या हाती लागली, आणि १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं. पुढची गोष्ट तुम्हांला माहीत आहे.

आता आपण जरा गणित करू. घाबरू नका, चौथीचं गणित आहे. फवाऱ्यातून थेंब निघतात ते सगळे सारखे नसतात. समजा एक थेंब १०० मायक्रॉनचा आहे, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. तो स्थिर हवेत तीन मीटर खाली यायला साधारण अकरा सेकंद घेतो. वारा ताशी पाच किलोमीटर असेल, म्हणजे अगदी मंद झुळूक, तर तेवढ्यात तो पंधरा मीटर बाजूला जातो. बांध ओलांडला! आता वीस मायक्रॉनचा बारीक थेंब घ्या. त्याला तेच तीन मीटर उतरायला चार मिनिटं लागतात. त्याच झुळकीत तो साडेतीनशे मीटर जातो. आणि उंची तीनऐवजी दहा मीटर केली तर? तो सव्वा किलोमीटरच्या आसपास जाऊन पडतो. मध्ये काही थेंब वाळून जातात, ड्रोनच्या पंख्याचा वारा थेंबांना खाली रेटतो, हे सगळं खरं. हिशेब ढोबळ आहे. पण उंची आणि थेंबाचा आकार या दोन गोष्टी सगळं ठरवतात, एवढं त्यावरून कळतं. हे गणित आम्ही मुद्दाम आधी मांडलं, कारण आता ज्या गावाकडं जायचंय तिथं हेच गणित माणसांच्या अंगावर लिहिलं गेलं.

कासारगोड. केरळचं उत्तरेचं टोक, कर्नाटकाला लागून. कोकणातल्या माणसाला तिथं परकं वाटणार नाही. तोच जांभा दगड, तेच डोंगरउतार, तीच काजू. पाण्यासाठी लोक डोंगराच्या पोटात आडवे बोगदे खणतात. त्यांना तिकडंही सुरंगच म्हणतात. जांभ्यातून झिरपलेलं पाणी सुरंगेतून बाहेर येतं, उघड्या टाकीत साठतं आणि त्यावर घर, गोठा, सुपारीची बाग चालते. तिथल्या टेकड्यांवर सरकारी महामंडळाच्या काजूच्या मोठ्या बागा होत्या. काजूच्या कोवळ्या पालवीला आणि मोहराला एक कीड लागते, आपल्याकडं तिला ढेकण्या म्हणतात. त्या ढेकण्यासाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरनं एन्डोसल्फान फवारलं गेलं. वर्षातून दोन-तीनदा. वीस वर्षांहून जास्त.

सपाट शेतावर हेलिकॉप्टरला पिकाच्या दोन-तीन मीटर वरून जाता येतं. डोंगरउतारावर तसं जाणार कसं? एका टेकडीच्या शेंड्याला लागू नये म्हणून वैमानिक उंच राहतो, आणि मधल्या दरीवरून जाताना तोच उंचपणा कितीतरी पटींनी वाढतो. बागा टेकडीवर आणि माणसं दरीत. घरं, विहिरी, सुरंगांच्या टाक्या सगळ्या खाली. फवारणीच्या आधी विहिरी झाकून घ्या असं सांगितलं जाई. विहिरीवर झावळ्या टाकता येतील हो, पण ओढ्यावर काय टाकणार? सुपारीच्या बागेवर? मधमाश्यांच्या पेट्या उचलून न्यायच्या कुठं?

पहिल्यांदा लक्षात आलं ते जनावरांवरून. १९७९ च्या सुमारास वाकड्या पायांची वासरं जन्मली. श्री पड्रे नावाचे कन्नड शेतीपत्रकार त्याच भागातले. त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यावर लिहिलं. फार कुणी वाचलं नाही. नंतर मधमाश्या गेल्या. मग डॉ. मोहनकुमार नावाचे गावातच दवाखाना चालवणारे डॉक्टर रुग्णांच्या नोंदी ठेवत होते, त्यांना दिसायला लागलं की एकाच ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या घरांत मतिमंदत्व, अपस्मार, जन्मजात व्यंगं फारच जास्त आहेत. आणि लीलाकुमारी अम्मा, या शेती खात्यातच नोकरीला होत्या, त्यांनी १९९८ मध्ये स्थानिक न्यायालयातून हवाई फवारणीवर मनाई आणली. कृषी खात्याची कर्मचारी सरकारी महामंडळाच्या फवारणीविरुद्ध कोर्टात उभी राहते, याला काय धैर्य लागत असेल ते नोकरदार माणसाला सांगायला नको. २००० च्या अखेरीनंतर हेलिकॉप्टर उडालं नाही. १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं देशभर एन्डोसल्फानवर बंदी घातली. त्याच वर्षी स्टॉकहोम करारात ते आलं. १० जानेवारी २०१७ ला न्यायालयानं पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले, तीन महिन्यांत. ते पैसे मिळवायलाही पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

इथं एक सांगितलं पाहिजे. कासारगोडमधला प्रत्येक आजार एन्डोसल्फाननंच झाला का, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. काही जण म्हणतात पुरावा अपुरा आहे. आम्ही त्या वादात निकाल देणार नाही, तो आमचा विषय नाही. पण वादाचा एक भाग असा आहे जो इतिहासाच्या विद्यार्थ्याला बोचतो. पुरावा अपुरा का? कारण वीस वर्षं फवारणी करताना कुणी मोजलंच नाही. कधी उडालं, किती उंचीवरून, वारा कुठला होता, खालच्या पाण्यात काय सापडलं, याची पद्धतशीर नोंदच नाही. ट्रॉयला राईच्या पलीकडं कुणी गेलं नाही, तसंच.

आणि कायदा नव्हता असंही नाही. आपले कीटकनाशक नियम १९७१ चे आहेत. हवाई फवारणीसाठी त्यांत वेगळा नियम आहे. क्षेत्र आखून घ्या, मंजूर औषधच वापरा, माणसं-जनावरं दूर ठेवा, आणि लोकांना किमान चोवीस तास आधी सूचना द्या. चोवीस तास. ही संख्या लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. त्याच काळात, म्हणजे १९७२ मध्ये, बंगलोरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं खास शेतीसाठी ‘बसंत’ नावाचं विमान उडवलं. नाव किती सुंदर! हरितक्रांतीचे दिवस होते, विमानानं शेती करायची स्वप्नं होती. चाळीसच्या आत विमानं बनली आणि काम बंद पडलं. आपल्या दोन-दोन एकरांच्या तुकड्यांवर विमान वळवायलाच जागा नाही, हे बंगलोरला कळायला आठ वर्षं लागली. असो.

लहान तुकड्यांचा हा प्रश्न जपाननं वेगळ्या पद्धतीनं सोडवला, आणि आजचा फवारणीचा ड्रोन खरं म्हणजे तिथून आलाय. जपानमध्ये भातावर हेलिकॉप्टरनं फवारणी १९५८ मध्ये सुरू झाली. पण भातखाचरं छोटी, मधूनच वस्ती, विजेच्या तारा. गावं शहरांत मिसळायला लागली तसे लोक तक्रारी करायला लागले. दुसरीकडं तरुण शहरात गेले आणि शेतात उरले साठी-सत्तरीचे म्हातारे. (ओळखीचं वाटतंय ना?) १९८३ मध्ये कृषी मंत्रालयाशी जोडलेल्या एका संस्थेनं यामाहा कंपनीकडं माणसाविना उडणारं यंत्र मागितलं. होय, मोटारसायकलवालीच. १९८७ मध्ये आर-५० नावाचं छोटं हेलिकॉप्टर तयार झालं, वीस किलो वजन उचलणारं. चालवणारा बांधावर उभा. उंची पिकाच्या तीन-चार मीटर वर. पुढं त्याची मोठी आवृत्ती आली, आणि २००० नंतरच्या काही वर्षांतच माणसाच्या हेलिकॉप्टरपेक्षा जास्त क्षेत्र या छोट्या यंत्रांनी फवारलं जाऊ लागलं. म्हातारा शेतकरी उन्हात चिखलातून पाठीवर पंप घेऊन चालत होता, तो चालायचा थांबला. हा फायदा खरा आहे, आणि तो छोटा नाही.

पण जपानच्याच ह्योगो प्रांतात तोयोओका नावाचं एक गाव आहे, खोऱ्यातलं, भाताचं. तिथली गोष्ट अगदी उलट्या दिशेनं जाते, म्हणून सांगतो. जपानमधला शेवटचा रानातला पौर्वात्य करकोचा १९७१ मध्ये याच भागात मेला. भातखाचरातले मासे, बेडूक, किडे खाऊन तो जगायचा. खाचरात विष आलं, पाऱ्याची औषधं आली, खाणं गेलं, अंडी उबेनाशी झाली. पिंजऱ्यातल्या करकोच्यांनी पंचवीस वर्षं पिल्लं दिली नाहीत. १९८५ मध्ये सोव्हिएत रशियातल्या खबारोव्स्कहून सहा पिल्लं आणली, आणि १९८९ मध्ये पहिली पिल्लं जन्मली. २४ सप्टेंबर २००५ ला पाच करकोचे मोकळे सोडले.

आता प्रश्न आला की सोडले तर खाणार काय? मग शेतकऱ्यांनी पीकपद्धतच बदलली. औषध बंद, किंवा अगदी कमी. हिवाळ्यातही खाचरात पाणी ठेवायचं. आणि सगळ्यांत मजेची गोष्ट: भाताच्या मधल्या दिवसांत खाचरातलं पाणी एकदा काढून टाकायची तिथं पद्धत आहे. करकोच्यांसाठी पिकवणारा शेतकरी आधी खाचरात वाकून बघतो की बेडकाच्या पिल्लांना पाय फुटलेत का, ती बाहेर उडी मारू शकतात का. नसतील तर पाणी काढणं पुढं ढकलतो. बेडूक झाला, मग पाणी सोडायचं. हा तांदूळ करकोच्याच्या नावानं विकला जातो, नेहमीच्या तांदळापेक्षा चढ्या भावानं. शाळेच्या जेवणात तो वाढला जातो.

आता ‘ग्रामीण पर्यावरणाची अर्थव्यवस्था’ हा जो जड शब्द वापरतात, त्याचा अर्थ आम्हांला विचाराल तर तो हा आहे. करकोचा आहे म्हणून तांदळाला भाव आहे. आणि अशा खोऱ्यात वरून उडणाऱ्या यंत्राचं काम काय? तिथं ते औषध फवारायला लागलं तर भावच कोसळला. तेच यंत्र खाचरात पाणी किती आहे, पीक कुठं पिवळं पडतंय हे पाहायला उडालं तर उपयोगी. एकच यंत्र असतं. त्याच्या पोटाखाली टाकी लावली की कॅमेरा, यानं त्याची अर्थव्यवस्था बदलते.

आपल्याकडं परत येऊ. २०१४ च्या ऑक्टोबरात आपल्या नागरी विमान खात्यानं खाजगी ड्रोन उडवायला चक्क बंदीच घातली होती. चार वर्षांनी नियम आले, मग २५ ऑगस्ट २०२१ ला आजचे सुटसुटीत ड्रोन नियम आले, आणि डिसेंबरात शेतीच्या फवारणीसाठी कार्यपद्धती. मध्ये टोळधाड आली. २०२० च्या मे महिन्यात टोळ अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आले होते, आठवत असेल. राजस्थानात त्यांच्यावर ड्रोननं फवारणी झाली. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रानं पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायची योजना मंजूर केली, १,२६१ कोटींची. किमतीच्या ऐंशी टक्के, आठ लाखांपर्यंत अनुदान. आपण त्या बायकांना ड्रोन दीदी म्हणतो.

हे सगळं वाईट आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. २०१७ चा यवतमाळ जिल्हा विसरून कसं चालेल? त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल एवढी वाढली होती. बोंडअळीच्या धास्तीनं दोन-दोन औषधं मिसळून फवारणी चालली होती, बॅटरीच्या पंपानं, ज्यातून बारीक धुकं निघतं. शेतमजुराच्या तोंडाला फार तर उपरणं. चेहऱ्यासमोर आणि डोक्यावर पीक, मध्ये माणूस, आणि सगळीकडं विषाचं धुकं. एकट्या त्या जिल्ह्यात वीसएक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांतले बहुतेक दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं फवारणारे. त्या माणसाला पिकातून बाहेर काढून बांधावर उभं करणारं कुठलंही यंत्र आम्हांला चांगलंच वाटणार. आठ-नऊ फुटी उसात तर माणूस शिरूच शकत नाही. तिथं ड्रोनला पर्याय नाही.

पण विष मजुराच्या अंगावरून उठलं तर ते गेलं कुठं? हे पाहायला पुन्हा थोडं गणित. पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोन तेच काम आठ-दहा लिटरात करतो, सात ते दहा मिनिटांत. पाणी वाचलं, खरंच वाचलं. पण एकराला औषधाची मात्रा तीच ठेवली, तर त्या दहा लिटरातला प्रत्येक थेंब पंधरा-वीस पट तिखट झाला. आणि तो पिकात वाकलेल्या माणसाच्या हातातून नाही, दोन-तीन मीटर उंचीवरून पडतोय. उडवणारा घाईत असेल, बॅटरी वाचवायला जरा उंच आणि जरा जोरात गेला असेल, दुपारी वारा उठलेला असेल, तर बांधापलीकडं जे जाईल ते पूर्वीपेक्षा कितीतरी घट्ट.

बांधापलीकडं कोण असतं? गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही मराठवाड्यात एका रेशीम उत्पादक शेतकऱ्याकडं बसलो होतो. जालना-बीडकडं गेल्या काही वर्षांत तुती फार वाढलीय. कारण कळण्यासारखं आहे. पाणी कमी लागतं, महिन्या-दीड महिन्यात एक पीक निघतं, कोषाचा पैसा हातात येतो. पण रेशमाची अळी म्हणजे काय, शेवटी अळीच! जे औषध शेजारच्या सोयाबीनवरची अळी मारतं, ते हिलाही मारतं. तुतीच्या पानावर डोळ्यांना न दिसणारा थर बसला तरी पुरे. त्या शेतकऱ्यानं आम्हांला शेड दाखवलं. रिकामं होतं. चौथ्या अवस्थेतली अळी होती, म्हणाले, अजून दोन आठवड्यांत कोष झाले असते. सकाळी पानं टाकली, दुपारनंतर अळ्या माना उचलून हिरवं पाणी ओकायला लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळं झाडून बाहेर फेकावं लागलं.

“फवारणी कुणी केली?” आम्ही विचारलं.

“शेजारच्यानं. त्याचं काय चुकलं? त्याच्या सोयाबीनला अळी होती. ड्रोन आला, वीस मिनिटांत गेला. पूर्वी माणूस फवारायचा तेव्हा दोन दिवस दिसायचा. पंपाचा आवाज यायचा. आम्ही त्या बाजूची पानं तोडायचो नाही, बस. आता कळतंय तोवर झालेलं असतं.”

आम्ही त्यांना चोवीस तासांच्या सूचनेच्या नियमाबद्दल सांगितलं. ते हसले. “साहेब, एक तास आधी फोन आला असता तरी मी आतल्या ओळींची पानं तोडून ठेवली असती.”

नुकसानीचा अर्ज कुणाकडं करायचा, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पीकविमा तुतीच्या शेडला लागू पडेना. शेजाऱ्याशी भांडायचं नाही, कारण विहीर सामायिक आहे. तो हिशेब तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच भागात ड्रोन चालवणाऱ्या एका ताई भेटल्या, बचत गटाच्या. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालेलं, पहिल्या हंगामात कर्जाचे हप्ते निघतील की नाही याची काळजी. एका दिवसात जेवढे एकर जास्त, तेवढा गट सुटतो. त्यांना आम्ही तुतीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “आम्हाला कोणाच्या शेतात तुती आहे, कुठं मधाच्या पेट्या आहेत, कसं कळणार? नकाशात गट नंबर दिसतो, पीक नाही दिसत.” मग त्यांनी त्यांची वही दाखवली. स्वतःहूनच सुरू केलेली. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, औषध, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात ‘वारा’. वारा मोजायचं यंत्र त्यांच्याकडं नव्हतं. कापडाची एक चिंधी काठीला बांधून बघतात आणि लिहितात: मंद, बरा, जोर. त्या एका रकान्यासाठी आम्हांला ती वही फार मोलाची वाटली. कासारगोडला वीस वर्षांत जे लिहिलं गेलं नाही, ते या ताई पाव रुपयाच्या पेनानं लिहीत होत्या.

ड्रोनची नजर पीक बघू शकते, हे तर आपल्याला माहीतच आहे. महाराष्ट्रात गावठाणांची मोजणी ड्रोननं झाली, भूमी अभिलेख खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी मिळून. देशपातळीवर तीच कल्पना २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना म्हणून आली. घरांच्या भिंतींपर्यंत नकाशे झाले. मग फवारणीआधी एकदा नुसता कॅमेरा लावून ड्रोन शिवारावरून फिरवायचा, तुती कुठं, पेट्या कुठं, जनावरांचं पाणी कुठं हे टिपायचं, आणि ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचं, हे काही मंगळावर जाण्याएवढं अवघड नाही. त्याला पैसे कोण देणार, हा प्रश्न मात्र खरा आहे. एकरामागे भाडं मिळतं ते फवारण्याचं. न फवारता नुसतं बघण्याचं भाडं अजून कुणी ठरवलेलं नाही. तोयोओकात ते भाडं तांदळाच्या पिशवीवर छापलेल्या करकोच्यानं भरलं.

व्याख्यान संपल्यावर एका तरुणानं विचारलं होतं की जैविक औषधं ड्रोननं फवारली तर? तर उत्तम, पण तिथंही सावध राहा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूचं औषध सेंद्रिय शेतीत चालतं, माणसाला अपाय नाही. रेशमाच्या अळीला मात्र तेही मारतं. किंबहुना या जिवाणूची पहिली नोंद झाली ती जपानमध्ये, १९०१ साली, शिगेताने इशिवाता यांनी केली, आणि ते तो शोधत नव्हते. रेशमाच्या अळ्या अचानक का मरतायत, एवढंच ते बघत होते.

पुढच्या वेळी टोळधाडीवर बोलू.